विश्वाची हद्द कायम मोजणी करायची झाली तर?

बांधावरचा · शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी भूकरमापक होतो. एकतीस वर्षं लोकांना त्यांच्या हद्दी दाखवल्या (कागदावर त्याला ‘हद्द कायम मोजणी’ म्हणतात). आधी प्लेन टेबल आणि साखळी, मग ईटीएस मशीन, शेवटची काही वर्षं रोव्हर (उपग्रहांवरून जागा पकडणारं यंत्र). यंत्रं बदलली, भांडणं तीच राहिली. कागदावर प्रत्येक जमिनीला चतुःसीमा असते. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस तमक्याचा, दक्षिणेस ओढा, उत्तरेस शिवरस्ता. चतुःसीमा नाही अशी जमीन मी तरी पाहिलेली नाही.

परवा गावी गच्चीवर आडवा झालो होतो. लाइट गेलेली, अमावास्या दोन दिवसांवर. आकाशगंगा इतकी स्वच्छ की बोटाने कडेकडेने जावं. आणि डोक्यात किडा शिरला: या सगळ्याची चतुःसीमा काय लिहायची? हद्द असेल तर पलीकडे कुणाचा गट? हद्द नसेल तर क्षेत्राच्या रकान्यात काय भरायचं?

नेटवर वाचलं तर गोंधळ वाढला. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. पण दिसणारा भाग चहूबाजूंनी ४६०० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात जातो तेवढं अंतर). प्रकाशापेक्षा जोरात काही धावत नाही म्हणता, मग १३८० कोटी वर्षांत ४६०० कोटींचा पल्ला कुणी गाठला? आमच्याकडे क्षेत्राचा मेळ असा चुकला असता तर नकाशा तोंडावर परत आला असता.

जाणकारांनी सोप्या मराठीत समजवावं.


गोटीसोडा · रात्री १०:५१

काका, साधी मोजणी की द्रुतगती? साधी असेल तर सूर्य विझेपर्यंत नंबर लागत नाही.


रात्रपाळी · रात्री ११:३०

उत्तम धागा. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. हा मेळ न बसण्याचा प्रश्न दर वर्षी वर्गात येतो, पण मुलं मार्कांसाठी विचारतात, तुम्ही तक्रार घेऊन आलात हे आवडलं.

समजा तुम्ही साखळी टाकत चालला आहात आणि तुमच्या मागची जमीनच ताणली जातेय. तुम्ही चाललात शंभर साखळ्या. पण थांबून मागे वळून मोजलंत तर सुरुवातीचा दगड तीनशे साखळ्यांवर. तुम्ही खोटं बोलला नाहीत आणि साखळीही खोटी नाही.

प्रकाशाचं तेच झालं. आपल्याला दिसणारा सर्वांत जुना प्रकाश विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना निघाला. त्याआधी सगळीकडे तापलेल्या वायूचं धुकं होतं, प्रकाशाला वाट नव्हती. तो निघाला तेव्हा ती जागा आपल्यापासून (म्हणजे आज आपण आहोत त्या ठिकाणापासून) फक्त ४.२ कोटी प्रकाशवर्षांवर होती. त्याला इथे यायला १३८० कोटी वर्षं लागली, कारण मधली जागा वाढत होती. आज ती जागा ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर जाऊन पोचलीय. साधारण ११०० पट ताण.

म्हणून ४६०० कोटी ही हद्द नाही. ते आपलं क्षितिज आहे. कोकण किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्र काही किलोमीटरवर संपल्यासारखा दिसतो, तसं. बोटीवाल्याला विचारा तिथे काय आहे. तो म्हणेल पाणी.


सदाफुली · रात्री ११:४८

जागा ताणली जाते पण आपण ताणले जात नाही, हे मला अनारशावरून कळलं. हसू नका.

अनारसा खसखशीवर थापतो आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडतो. तो तुपात पसरतो, जाळी पडते. खसखशीचा दाणा मात्र होता तेवढाच राहतो, दोन दाण्यांमधलं अंतर तेवढं वाढतं. कुठल्याही दाण्यावर बसून पाहिलं तरी बाकीचे आपल्यापासून लांब चाललेत असंच वाटणार. दाणे म्हणजे दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह). त्या दाण्याला वाटेल मीच मधोमध आहे, पण तसं प्रत्येकालाच वाटेल.


गोटीसोडा · रात्री ११:५५

ताई, पण अनारशाला कड असते. आणि तीच सगळ्यात कुरकुरीत असते.


सदाफुली · रविवार, सकाळी ७:१०

तिथेच तर माझं गाडं अडलंय. रात्रपाळी सर, कडेचं काय?


रात्रपाळी · सकाळी ९:२०

अनारशाचं उदाहरण आता वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरतो. कडेपाशी मात्र ते सोडून द्यावं लागतं. अनारसा तुपात पसरतो, म्हणजे बाहेर कढई आहे. विश्व कशात पसरत नाही. दाण्यांमधलं अंतर वाढतं, एवढंच म्हणणं आहे. ज्याला कडच नाही असा अनारसा डोळ्यांपुढे आणा. तोही पसरू शकतो. आधी अनंत होता, नंतरही अनंत, फक्त खसखस विरळ झाली.

विश्वाच्या आरंभाला आपण ‘महास्फोट’ म्हणतो, त्या शब्दानेही घोळ केलाय. स्फोट म्हटलं की सुतळी बाँब आठवतो: एक जागा, भोवती रिकामं मैदान, तुकडे बाहेर उडतायत. तसं काही झालं नाही. जे झालं ते सगळीकडे एकदम झालं, तुमच्या गच्चीवरही. ‘बिग बँग’ हे मूळ इंग्रजी नावही काही समर्थकाने ठेवलेलं नाही. फ्रेड हॉइल यांनी १९४९ साली बीबीसी रेडिओवर ते वापरलं, आणि हॉइल या सिद्धान्ताचे कट्टर विरोधक.

आता हद्दीचा मुद्दा. इ.स.पूर्व चौथ्या शतकात इटलीच्या दक्षिणेला टॅरेंटम या ग्रीक वसाहतीत आर्किटस नावाचा गणिती होता. त्याचा प्रश्न असा: मी विश्वाच्या अगदी काठावर उभा आहे. हातातली काठी पुढे करता येईल की नाही? करता आली तर पलीकडे जागा आहे, म्हणजे हा काठ नव्हे. नवा काठ धरा, पुन्हा काठी पुढे करा. दोन हजार वर्षं लोक या काठीने एकमेकांना झोडतायत.


ऊसकरी · सकाळी १०:०५

आम्ही शिरोळकडचे जैन. आमच्या घरी याचं उत्तर तयार आहे, आजोबा सांगायचे.

जैन मतात लोक आणि अलोक असे दोन भाग. जीव, पदार्थ, स्वर्ग, नरक सगळं लोकात. लोकाला माप आहे, चौदा राजू उंच (राजू हे जैन ग्रंथांतलं अंतराचं माप). पाय फाकून, कमरेवर हात ठेवून माणूस उभा राहावा तसा आकार. त्याच्या बाहेर अलोक, तो अनंत आणि रिकामा.

मग काठी बाहेर का जात नाही? कारण वस्तू हलायला ‘धर्म’ नावाचं द्रव्य लागतं (पुण्यवाला धर्म नव्हे, माशाला जसं पाणी लागतं तसं). ते द्रव्य फक्त लोकात आहे. मुक्त झालेला जीव वर वर जातो तोही लोकाच्या टोकाला थांबतो, पुढे न्यायला काही नाही म्हणून. भिंत नाही, कुंपण नाही, तरी काठी जाणार नाही. त्या ग्रीकाला हे सुचलं नसावं.

विज्ञान म्हणून सांगत नाही. पण युक्तिवाद बघा कसा बांधलाय.


रात्रपाळी · सकाळी १०:३२

ऊसकरी, हे माहीत नव्हतं. काठीवाल्याला दिलेलं इतकं नेमकं उत्तर मी तरी ऐकलेलं नाही. जागा आहे, पण हालचालीची सोय नाही! वा.


प्राचीनप्रेमी · सकाळी ११:१५

मुळात हे सगळं आपल्याकडे आधीच लिहून ठेवलेलं आहे. ‘ब्रह्मांड’ या शब्दातच अंड आहे, म्हणजे आकार ठाऊक होता. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथात परीघसुद्धा योजनांत (अंतराचं जुनं माप) दिलाय. पाश्चात्त्यांनी नंतर शोधलं की आपण टाळ्या वाजवतो.


गोटीसोडा · सकाळी ११:१७

आला, आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.


पाठशाळा · दुपारी १:४०

प्राचीनप्रेमी, आकडा आहे हे अगदी खरं. पण त्याबद्दल आपल्याच माणसाने काय म्हटलंय ते वाचल्याशिवाय टाळ्या नकोत. मी संस्कृत शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी, इ.स. ११५०. आकाशकक्षेचा, म्हणजे आकाशाच्या परिघाचा आकडा ते श्लोकात देतात. आकडे शब्दांनी सांगायची जुनी रीत आहे, भूतसंख्या. श्लोकातले शब्द: नख, नन्द, षट्क, नख, भू, भूभृत्, भुजङ्ग, इन्दु. नखं २०, नंद ९, षट्क ६, पुन्हा नखं २०, पृथ्वी १, पर्वत ७, नाग ८, चंद्र १. एककापासून डावीकडे मांडत जायचं. येतात १८७१२०६९२०. श्लोकात सुरुवातीलाच ‘कोटिघ्नैः’ आहे, म्हणजे याला कोटीने गुणा. एवढी योजनं.

आता पुढची मौज. भास्कराचार्य सांगतात, काही जण म्हणतात हा ब्रह्मांडाच्या कढईचा घेर. पुराणवाले म्हणतात ही लोकालोक पर्वताची हद्द. तळहातावरच्या आवळ्यासारखा गोल ज्यांना स्वच्छ कळलाय ते म्हणतात, सूर्याचे किरण जिथवर अंधार घालवतात तिथवरचा हा परीघ. आणि मग स्वतःचं मत:

ब्रह्माण्डमेतन्मितमस्तु नो वा

ब्रह्मांड एवढं असो किंवा नसो! पुढे म्हणतात, एका कल्पात (ब्रह्मदेवाच्या एका दिवसात) ग्रह जेवढी योजनं चालतो तेवढी ही संख्या, आमच्या मते ‘खकक्षा’ म्हणजे एवढंच. त्या माणसाने आकडा ठेवला, त्याचा हिशोबातला उपयोग ठेवला आणि विश्वाच्या आकाराचा दावा बाजूला काढून ठेवला. नऊशे वर्षांपूर्वी. मला याचा अभिमान अंड्यापेक्षा जास्त वाटतो.


प्राचीनप्रेमी · दुपारी २:०२

हा श्लोक वाचला नव्हता. धन्यवाद. मुद्दा मान्य, पण थोडा वेळ द्या, वाद घालायला परत येतो.


बांधावरचा · दुपारी ३:२६

पाठशाळाताई, दंडवत. जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो.

भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परीघ ४९६७ योजनं दिलाय असं मिळालं. आपला आजचा परीघ ४०,०७५ किलोमीटर. म्हणजे त्यांचं योजन झालं ८ किलोमीटर आणि थोडं वर. त्या हिशोबाने आकाशकक्षा येते अंदाजे १५ वर सोळा शून्यं इतके किलोमीटर. प्रकाशवर्षांत सोळा हजारांच्या आसपास परीघ, म्हणजे त्रिज्या अडीच हजार प्रकाशवर्षं. आपल्या आकाशगंगेतसुद्धा मावेल. पण घोड्यावर बसून फिरणाऱ्या काळात कुणी सोळा हजार प्रकाशवर्षांचा आकडा श्लोकात बसवतो, हे काय कमी आहे?

‘असो वा नसो’ मात्र भिडलं. आमच्या गावनकाशावर शीव संपली की रेषा थांबतात. पलीकडे फक्त शेजारच्या गावाचं नाव आडवं लिहायचं आणि कागद कोरा सोडायचा. नवीन पोरगं यायचं तेव्हा विचारायचं, साहेब इथे काहीच नाही का? अरे बाबा, आहे. त्या गावाचा नकाशा वेगळा, आपली साखळी तिथे जात नाही.


मीठभाकर · दुपारी ३:४०

अवांतर: मुंबईतलं शीव स्टेशनही याच शिवेवरून. बेटाची हद्द तिथे संपायची. आता तिथे फक्त ट्रॅफिक संपत नाही.


कुकडीकाठ · संध्याकाळी ६:१५

मी नारायणगावजवळचा. आमच्याकडे खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, त्यातल्या चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकी इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर पांगलेल्या. शेतात पाणी धरताना मान वर केली की सगळ्या एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या असतात. विज्ञानदिनाला आत सोडतात तेव्हा दोनदा जाऊन आलोय.

काकांना आवडेल असं माप सांगतो. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. सगळीकडे तेवढीच. २०२३ च्या जानेवारीत बातमी होती की इथल्या डिशनी फार लांबच्या एका दीर्घिकेतून ती लहर पकडली. निघाली ८८० कोटी वर्षांपूर्वी. आणि पोचली तेव्हा २१ ची ४८ सेंटिमीटर झालेली! वाटेत एक मोठी दीर्घिका आडवी होती, तिने भिंगासारखं काम केलं म्हणून इतका क्षीण सिग्नल सापडला.

म्हणजे साखळी ताणली जाते ही नुसती उपमा नाही. टेपने मोजावी अशी ताणलेली लहर आमच्या द्राक्षबागांच्या मध्ये येऊन पडली.


बांधावरचा · संध्याकाळी ६:४०

२१ ची ४८! हे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्या पोस्टमधली तक्रार केलीच नसती.

आता पुढचं. सर, शाळेत ऐकलं होतं की सरळ जात राहिलं तर विश्वाला फेरी मारून परत येऊ. ते खरं का?


रात्रपाळी · रात्री ९:१५

ती कल्पना आइन्स्टाइनची, १९१७ सालची. विश्व मर्यादित पण बिनकडेचं. कलिंगडावरची मुंगी कितीही चालली तरी तिला कड लागत नाही, पण कलिंगडाचं क्षेत्र ठरावीक. तसंच, पण एक मिती जास्त. म्हणजे ‘हद्द आहे का’ आणि ‘संपतं का’ हे दोन वेगळे प्रश्न झाले. आर्किटसच्या काठीला इथे उत्तर मिळतं: काठी खुशाल पुढे कर, हद्द लागणार नाही, तरी क्षेत्र मोजून देता येईल.

विश्व असं वाकलेलं आहे का, हे तपासायची रीत तुमच्याच धंद्यातली. त्रिकोण.


बांधावरचा · रात्री ९:३१

थांबा, हे मला येतं! सपाट जागेवर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश. पृथ्वीच्या पाठीवर मोठा त्रिकोण घेतला तर बेरीज १८० च्या वर जाते. १८०२ साली लॅम्टनने मद्रासेतून देशाची मोठी त्रिकोणमिती मोजणी सुरू केली, त्या लोकांना ही वजावट करावी लागायची. कोनाचा एक सेकंद जास्त यायला सुमारे २०० चौरस किलोमीटरचा त्रिकोण लागतो. माझ्या पूर्ण नोकरीत एवढा त्रिकोण पडला नाही, त्यामुळे माझी पृथ्वी सपाटच होती म्हणा.

पण विश्वाचा त्रिकोण कुठून पाडायचा? दोन टोकांना झेंडीवाले कोण उभे करणार?


रात्रपाळी · रात्री १०:०५

झेंड्या रोवलेल्या आहेत. तो ३ लाख ८० हजार वर्षांच्या वेळचा प्रकाश आठवा. आज तो सूक्ष्मलहरींच्या रूपात चहूबाजूंनी येतो, तापमान उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास. जुन्या टीव्हीवर केंद्र बंद झाल्यावर मुंग्या यायच्या ना, त्या शंभर मुंग्यांतली एखादी या प्रकाशाची. १९६४ मध्ये न्यू जर्सीत पेन्झियस आणि विल्सन यांना अँटेनात ही खरखर सापडली. त्यांनी आधी कबुतरांची घाण साफ करून पाहिली. खरखर गेली नाही, नोबेल मिळालं.

हा प्रकाश अगदी एकसारखा नाही, त्यात किंचित गरम-थंड ठिपके आहेत. त्या धुक्यात ध्वनीसारख्या लहरी फिरत होत्या. धुकं निवळेपर्यंत लहर किती लांब गेली असेल ते गणिताने निघतं: सुमारे ४.३ लाख प्रकाशवर्षं. हा तुमचा पाया. पायाची लांबी ठाऊक, तिथवरचं तेव्हाचं अंतर ४.२ कोटी प्रकाशवर्षं. आता काका, जागा सपाट असेल तर इथून तो पाया किती अंशांत दिसेल?


बांधावरचा · रात्री १०:२२

४.३ लाख भागिले ४.२ कोटी, ०.०१०२. अंशांत ०.५९. सहा दशांश अंश धरा. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश असतो, त्याहून जरासा मोठा.

पण सर, ३.८ लाख वर्षांत लहर ४.३ लाख प्रकाशवर्षं गेली? पुन्हा मेळ चुकला!


सदाफुली · रात्री १०:२५

काका, अनारसा. लहर चालत असतानाच जागा पसरत होती.


रात्रपाळी · रात्री १०:४०

सदाफुलीताईंना पूर्ण गुण.

आणि कोन? विश्व कलिंगडासारखं वाकलेलं असतं तर ठिपके याहून मोठे दिसले असते. घोड्याच्या खोगिरासारखं उलटं वाकलेलं असतं तर लहान. १९९८ साली अंटार्क्टिकावर ‘बूमरँग’ नावाचा फुगा दुर्बीण घेऊन सुमारे दहा दिवस घिरट्या घालत होता, त्याने ठिपक्यांचा आकार चांगला पकडला. मग अमेरिकेचा डब्ल्यूमॅप, नंतर युरोपचा प्लँक उपग्रह. उत्तर आलं: ०.६ अंश. काकांच्या कागदावर आलं तेच. वाकडेपणाची मोजणी आज शून्यापाशी येते, चूक हजारात दोनच्या घरात.

मी हे शिकवतो तेव्हा दर वेळी दोन मिनिटं फळ्याकडे तोंड करून उभा राहतो.


मीठभाकर · रात्री १०:४८

म्हणजे सपाट. म्हणजे अनंत. विषय संपला?


रात्रपाळी · रात्री ११:०२

घाई नको. दोन फटी आहेत.

एक, हजारात दोनची चूक. तिच्या आत विश्व किंचित वाकलेलं असू शकतं. तसं असेल तर ते आपल्या दृश्य भागाच्या कित्येक पट मोठं असणार, इतकंच म्हणता येतं. तुमच्या गटावरून पृथ्वी सपाट वाटते, तसंच.

दोन, सपाट म्हणजे अनंतच असं नाही. नोकियाच्या फोनवरचा साप खेळलायत? उजव्या कडेने गेला की डावीकडून आत यायचा. पडदा सपाट, त्रिकोण १८० अंशांचा, कड नाही, तरी क्षेत्र ठरावीक. विश्व तसं असेल तर आकाशात दोन वेगळ्या दिशांना एकाच जागेच्या खुणा दिसायला हव्यात, त्या जुन्या प्रकाशात जोडीची वर्तुळं. लोकांनी शोधली. सापडली नाहीत. म्हणजे साप परत येतच असेल तर पडदा निदान आपल्या क्षितिजाएवढा मोठा आहे.


गोटीसोडा · रात्री ११:०६

माझा साप स्वतःचीच शेपटी खाऊन मरायचा. विश्वालाही हाच धोका आहे का?


ऊसकरी · सोमवार, सकाळी ८:५०

एक शंका. विश्व अनंत असेल तर रात्र काळी का? उसाच्या फडात मधोमध उभं राहिलं की चहूकडे ऊसच दिसतो, फट नाही. तसं अनंत ताऱ्यांत जिथे बघाल तिथे तारा हवा. आकाश लखलखायला हवं.


रात्रपाळी · सकाळी ९:३०

हे जर्मन डॉक्टर ओल्बर्सच्या नावाचं कोडं, १८२३ सालचं. त्याच्याही आधी केप्लरला पडलं होतं. तुमचा फड बरोबर आहे, पण फडातल्या लांबच्या उसाची खबर अजून पोचलेली नाही. तारे पेटून झाली १३८० कोटी वर्षांहून कमी, त्यामुळे ठरावीक अंतरापलीकडचा उजेड वाटेतच आहे. आणि जो येतो तोही ताणला जाऊन डोळ्यांना न दिसणारा होतो. काळोख सांगतो की विश्वाला वय आहे. जागेला शेवट आहे की नाही, यावर तो गप्प आहे.


पाठशाळा · सकाळी ११:२०

पण वय आहे हेच तर नारळीकर सरांना मान्य नव्हतं ना?


रात्रपाळी · दुपारी १२:१०

हो. बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला: विश्वाला आरंभ नाही, शेवट नाही, ते पसरतं तेव्हा मधल्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं. कोल्हापूरचे जयंत नारळीकर केंब्रिजला याच हॉइलांचे विद्यार्थी. पेन्झियस-विल्सनची खरखर सापडल्यावर बहुतेकांनी तो सिद्धान्त सोडला. नारळीकर, हॉइल आणि बरबिज यांनी १९९३ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती मांडली. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ती पटली नाही, मलाही पटत नाही. पण २०२५ च्या मे महिन्यात सर गेले तोवर ते महास्फोटवाल्यांना प्रश्न विचारत राहिले.

पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेच्या अंगणात एकदा आमच्या मुलांनी त्यांना घेरलं होतं. एका पोराने विचारलं, सर, बाकी सगळे एकीकडे आणि तुम्ही एकीकडे, भीती नाही वाटत? सर नुसते हसले आणि त्याच्या वहीवर सही केली.


कुकडीकाठ · दुपारी १२:४५

जाऊन कधीतरी तपासता येईल का पण? लाखो वर्षांनी, यान वगैरे पाठवून?


रात्रपाळी · दुपारी १:३०

नाही, आणि मला सर्वांत जास्त हेच खुपतं. १९९८ मध्ये कळलं की विस्ताराचा वेग वाढतोय. त्यामुळे आज सुमारे १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे असलेल्या दीर्घिकेकडे आत्ता इथून उजेड सोडला तरी तो कधीच पोचणार नाही. त्यांचा जुना उजेड आपल्याला दिसतो, फोटो निघतात, पण तिथली आजची खबर येणार नाही. रोज काही दीर्घिका त्या रेषेपलीकडे जातात.


सदाफुली · दुपारी १:४१

वेग असाच वाढत गेला तर अनारसा हसणार नाही ना? (ज्यांनी कधी केले नाहीत त्यांच्यासाठी: पीठ बिघडलं की अनारसा तुपात विरून तुकडे तुकडे होतो, त्याला ‘हसला’ म्हणतात. करणारी रडते.)


रात्रपाळी · दुपारी २:००

तशी शक्यता कागदावर मांडलेली आहे! विस्ताराचा वेग वाढवणारी ती कृष्ण ऊर्जा काळाबरोबर जोर धरत गेली तर दीर्घिका, तारे, शेवटी अणूही फाटतील. आजवरच्या मोजमापांत त्याला पक्का आधार नाही. ‘हसरा अंत’ हे नाव मात्र मी आत्ताच नोंदवून ठेवतो.


बांधावरचा · रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. दोन दिवसांत दीड वही भरली. कच्चा मसुदा टाकतो, चुका काढा.

मौजे: विश्व. क्षेत्र: नमूद नाही. दृश्य भागाची त्रिज्या ४६०० कोटी प्रकाशवर्षं, आजच्या तारखेस. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस: धुकं. वर आणि खाली: तेच. जमिनीचा प्रकार: सपाट, हजारी दोनच्या चुकीने. हद्दीचे दगड: जागेवर आढळून आले नाहीत. लगतचे खातेदार मोजणीस हजर नव्हते.

शेरा: पुढील क्षेत्र असो वा नसो.


प्राचीनप्रेमी · रात्री १०:१२

वाद घालायला आलो होतो. शेरा वाचून परत चाललो. पाठशाळाताई, त्या श्लोकाचा पूर्ण पाठ इथे टाकाल का?


गोटीसोडा · रात्री १०:१५

लगतच्या खातेदारांना नोटीस बजावली होती का? नाहीतर अपिलात उडेल.


बांधावरचा · रात्री १०:२०

नोटीस १३८० कोटी वर्षांपूर्वी निघालीय, पोचपावती आलेली नाही.

सदाफुलीताई, घरून एक विचारणा आहे. दिवाळीत आमचे अनारसे नेहमी हसतात. काय चुकत असावं?


सदाफुली · रात्री १०:३४

पीठ सैल होत असणार. तांदूळ तीन दिवस भिजवता का, रोज पाणी बदलून? उपसल्यावर फडक्यावर पसरून थोडी ओल राहीपर्यंतच वाळवायचे. गूळ जास्त झाला तरी हसतात. आता झालेल्या पिठात थोडं कोरडं तांदळाचं पीठ मिसळून एकच तळून बघा, आणि उलटू नका, झाऱ्याने वरून तूप उडवा.